वरच्या गल्लीतल्या मोटारी

साहेबांनी पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला आन् धार सरळ माझ्या तोंडावर मारली.

गाडी धुवत होते ते. मी त्यांच्याकडं धुणीभांडी करायची. एवढंच म्हणलं होतं, "साहेब, आमच्याकडं थेंब नाय आला. दोन हंडे नेऊ का?"

"पाणी पाहिजे ना? घे."

पाइपचं तोंड बारीक केलं की साधं पाणी चाबकासारखं लागतं. नाकात गेलं. लुगडं अंगाला चिकटलं. गल्ली बघत होती. मॅडम गॅलरीतून हसल्या. "अहो, पुरे. आणि तिला हंडा लांब धरायला सांगा. पाइपला लागायला नको."

मी हंडा लांब धरला. भरला. घरी माझी धाकटी जाऊ होती, सुनीता. सातवा महिना चालू होता तिला.

आमची वस्ती मुकुंदवाडीत, नाल्याच्या कडंला, उताराला. साहेबांची कॉलनी वरच्या अंगाला. लाइन एकच. आधी त्यांच्या दारावरून जाती, मग नाल्यातनं आमच्याकडं. पाणी आठवड्यातून एखाद्या वेळी. त्या दिवशी वर पाणी खेचायला घरोघरी लाइनलाच मोटारी लागायच्या. आमच्या नळातनं नुसता सूंऽऽ आवाज.

एकदा सुनीतानं नळाच्या तोंडावर हात ठेवला.

"ताई, हे बघा. हात आत वढतोय."

मी बी ठेवला. तळहात चिकटला. जोर लावून सोडवला तर कातडीवर गोल वळ. सुनीता हसली. मला हसू आलं नाय. नळानं पाणी द्यायचं असतं. हा आमच्याकडूनच मागत होता.

वरच्या मोटारी थांबल्या तवा आमच्याकडं धार लागली. आधी काळी. मग पिवळट. मग साफ दिसायला लागली. साफ दिसली तवा भरून घेतली. वास होता जरासा. प्यायचं थोडं उकळलं. सगळं कुठं उकळता येतं?

पुढच्या महिन्यात सुनीताचे डोळे पिवळे झाले. अन्न जाईना. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमची लाइन गटारातून जाते का?"

"व्हय. नाल्यातनं."

"वरून मोटारीनं खेचलं की पाइप आतून रिकामा पडतो. मग फुटक्या जोडातून बाहेरची घाण आत शिरते. पोटुशी बाईला ही कावीळ झेपत नाही हो."

बाळ पोटातच गेलं. मागोमाग सुनीता. बिडकीनहून तिची आई आली तवा आम्ही तिला झाकलं होतं.

"कशानं गेली माझी लेक?"

"पाण्यानं," मी म्हणलं. तिला वाटलं, मला भ्रम झालाय.

पुढच्या पाण्याला मी कामावर गेले. फाटकाजवळ, पत्र्याखाली साहेबांची मोटार घुमत होती. पत्रा उचलला. प्लग उपसला. मोटार गप.

साहेब धावत आले. "ए, काय केलंस?"

"मोटार बंद केली."

"वरची टाकी कोण भरणार? तुझा बाप?"

"माझी जाऊ मेली, साहेब. तुमची मोटार गटार वढून आमच्या नळात घालती."

"तुम्ही नाल्यात राहता, त्याला मी काय करू? सोड तो प्लग. पोलिसांना बोलावतो."

"बोलवा. लाइनला लावलेली मोटार त्यांना बी दाखवते."

मी प्लग मुठीत धरून तिथंच फरशीवर बसले. साहेबांच्या हातात फोन होता. लावला नाय.

मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

"मी येणारच नव्हते."

बसल्या बसल्या वस्तीत शेजारणीला फोन केला. "आलं का पाणी?"

"कुठलं? नुसता सूंऽऽ आवाज."

तवा कान दिला. शेजारच्या बंगल्यात मोटार. त्याच्या पुढं मोटार. समोरच्या घरात मोटार. सगळी गल्ली घुमत होती. माझ्या मुठीतल्या एका प्लगनं काय व्हणार?

वस्तीत आता अजून दोघी पोटुशा हायेत. एकीचे डोळे मी रोज उजेडात धरून बघते.

आम्ही बायकांनी ठरवलंय. आधी प्रत्येक दारात जाऊन सांगायचं, मोटार काढा. नाय काढली तर कॉलनीच्या तोंडाशी लाइनचा व्हॉल्व आहे. तो बंद करायचा आन् त्याच्यावर बसायचं. पाणी आलं तर सगळ्यांना. नाय तर कुणालाच नाय.

पोलीस येतील. येऊ द्या. सगळ्यात आधी मी बसणार हाये, आन् उचलून नेलं तर दुसरी बसंल.