तिकीट कोणी काढायचं

आमच्याकडे कोणाला मास्तरकी मिळाली की पहिला प्रश्न 'कुठे?' असतो आणि दुसरा 'कितीत?' बैलबाजारातून परतलेल्या माणसाला विचारावं तसा हा दुसरा प्रश्न विचारतात. उत्तर देणाराही लाजत नाही, उलट आकडा थोडा चढवूनच सांगतो, कारण पुढे लग्नाच्या बैठकीत तोच आकडा कामाला येतो. माझा दादा अकोल्याच्या एका अनुदानित शाळेत लागला तेव्हा बाबांनी शेंदूरजनाघाटची दोन एकर संत्र्याची बाग विकली आणि गावात पेढे वाटले. बाग विकून पेढे वाटणारा माझा बाप काही पहिला नव्हता, म्हणून कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

मी मुलगी. माझ्यासाठी बाग विकायचा प्रश्नच नव्हता. अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवलं. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याच तासांचे पैसे, तेही संस्थेला आठवण झाली तर. दिवाळीत तास नाहीत, उन्हाळ्यात तास नाहीत, परीक्षेच्या दिवसांत तास नाहीत. पोट मात्र बारमाही. नववं वर्ष संपता संपता अध्यक्षांच्या पुतणीला एकाएकी भौतिकशास्त्राची गोडी लागली आणि माझे तास तिच्याकडे गेले. परावर्तन आणि अपवर्तन यांतला फरक तिला मीच समजावून दिला होता. निरोपाचा नारळ तेवढा संस्थेनं चांगला मोठा दिला.

मग मी समुद्रापलीकडच्या एका बेटावरच्या शाळेत अर्ज केला. जाहिरातीत स्वच्छ लिहिलं होतं की राहायला खोली आणि येण्याजाण्याचं विमानाचं तिकीट शाळा देईल. मी ते वाचलं आणि सोडून दिलं. आमच्याकडच्या जाहिरातींत 'पात्र उमेदवारांनी मुलाखतीस उपस्थित राहावे' असंही छापलेलं असतं, आणि जागा तर कधीचीच विकली गेलेली असते. छापील शब्दावर भरवसा ठेवू नये, हा एक धडा आमच्याकडच्या बी.एड.वाल्यांना कोणी न शिकवता येतो.

मुलाखत लॅपटॉपवर झाली. मी मागच्या दोरीवरचे कपडे काढून ठेवले, घरमालकिणीला अर्धा तास मिक्सर लावू नका म्हणून सांगितलं आणि बसले. मुख्याध्यापिका माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी मला भिंगांवरचा पाठ शिकवायला लावला आणि मधेमधे वात्रट मुलासारखे प्रश्न विचारले. मी रंगून गेले. नऊ वर्षांत मला शिकवताना मुलांशिवाय कोणी पाहिलंच नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, 'तुम्हाला काही विचारायचं आहे का?' मी घसा खाकरला आणि माझ्या तुटक्या इंग्रजीत विचारलं, 'या जागेसाठी मला काय द्यावं लागेल?'

बाईंनी बाजूला पाहिलं. त्यांच्या शेजारी संस्थेचा एक माणूस बसला होता, त्यानं तोवर तोंड उघडलं नव्हतं. त्यानं मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं आणि समोरच्या वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, आकडा लिहितोय.

आठवड्यानं पत्र आलं. माझी निवड झाली होती. तळाशी एक ओळ होती: विमानाचं तिकीट शिक्षिकेनं स्वतः काढावं, वर्ष पूर्ण झाल्यावर ती रक्कम परत मिळेल. ती ओळ वाचून मला हायसं वाटलं, हे सांगायची आज लाज वाटते. एवढ्यावरच भागलं, असं मी मनात म्हणाले.

दोन दिवसांनी निवड झालेल्या सहा जणांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला. केरळच्या एका रसायनशास्त्राच्या बाईंनी आपल्या तिकिटाचा फोटो टाकला आणि खाली विचारलं, 'शाळेकडून सगळ्यांची तिकिटं आली का?' एकेकाचं 'आलं' येत गेलं. पाच जणांची आली होती. सहावी मी. त्या माणसानं वहीत काय लिहिलं असेल ते मला तेव्हा कळलं. ही बाई आपण होऊन द्यायला तयार आहे, दुसरं काय लिहिणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि तेही मी समुद्रापार दाखवलं होतं.

अनुभवाचा दाखला घ्यायला मी जुन्या कॉलेजात गेले, तेव्हा स्टाफरूममध्ये हे सांगितलं. तिथे बसलेल्या प्रत्येकानं आपल्या जागेसाठी काही ना काही मोजलेलं होतं, त्यामुळे सल्ल्याला तोटा नव्हता. 'मॅडम, तिकिटाचा विषय काढूच नका. हातचं जाईन,' एक म्हणाले. दुसरे म्हणाले की परदेशातली माणसं मानी असतात. पगार चार महिने थकला तरी अध्यक्षांच्या वाढदिवसाला वर्गणी काढणारी ही माणसं, आणि मानाची गोष्ट मला सांगत होती.

दादानं फोनवर वेगळं काही सांगितलं नाही. 'तुले इतक्या स्वस्तात नोकरी भेटून राहिली अन् तू तिकिटापायी भांडून राहिली. लोकायनं बागा इकल्या, बाई.' बाग कोणाची आणि कोणासाठी विकली, हे तो विसरला होता. मी आठवण करून दिली नाही.

मी गावी गेले. बाबा उरलेल्या बागेत झाडांभोवतीची आळी नीट करत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, फक्त मुलाखतीत मी काय विचारलं ते गाळलं. ऐकता ऐकता ते फावडं चालवत राहिले.

'बागेवर सौदा झाला तं गाडी कोनाची असते?' त्यांनी विचारलं.

'व्यापाऱ्याची.'

'अन् आपल्या भाड्यानं माल मंडीत नेला तं?'

बाबांनी फावडं टेकवलं.

'मंग तो वापस आनता येत नाई. व्यापाऱ्याले ते मालूम असते. तो म्हनीन तो भाव.'

बाबा चौथी शिकलेले. स्टाफरूममध्ये सगळे एम.एस्सी. आणि पीएच.डी. होते.

वर्षानं परत मिळणाऱ्या भाड्याचा अर्थ मला तिथे उमगला. बेटावर गेल्यावर खोलीऐवजी अडगळ दिली, भौतिकशास्त्राऐवजी बालवाडी हातात दिली, तरी ते भाडं सुटेपर्यंत मला ब्र काढता आला नसता. मी त्याच संध्याकाळी दोन ओळींची मेल पाठवली. जाहिरातीत लिहिल्याप्रमाणे येण्याजाण्याचं तिकीट शाळेनं पाठवावं. ते येईपर्यंत मी निघणार नाही. पाठवून झालं आणि मग हिशेब मांडला. अमरावतीत आता तास नव्हते, खोलीचं भाडं चालू होतं, आणि हे गेलं असतं तर तिकिटासाठी नोकरी घालवलेली मास्तरीण म्हणून मी तालुक्यात ओळखली गेले असते. दादा म्हणाला, 'गेली समज.' चार दिवस मी त्याचंच खरं धरून चालले.

पाचव्या दिवशी तिकीट आलं, जायचं आणि यायचं. सोबत सबब नाही, दिलगिरी नाही. एवढं सोपं होतं ते, याचाच मला जास्त राग आला.

रविवारी मी गावी गेले. दादाही अकोल्याहून आला होता. त्यानं माझा मोबाइल घेऊन तिकीट खालून वर, वरून खाली वाचलं आणि विचारलं, 'कितीत?'

'काही नाही,' मी म्हणाले. मग मुलाखतीत मी काय विचारलं होतं तेही सांगून टाकलं. म्हटलं, ते मागतच नव्हते, मीच आधी विचारलं. दादा हसला. म्हणाला, तिकडचं वेगळं, इकडे मागितल्याशिवाय कोणी राहत नाही.

बाबा ओट्यावर बसून संत्रं सोलत होते. सोलता सोलता त्यांचे हात थांबले.

'तुह्या संस्थेवाल्यानं कुठं पैसे मांगतले होते,' ते दादाला म्हणाले. 'पोरगं चांगलं शिकवते म्हने, सोमवारपासून पाठवा म्हने. म्याच इचारलं त्याले, किती द्या लागते म्हनून.'

दादाच्या नोकरीला पंधरा वर्षं झाली होती. तो चांगला शिकवतो असं कोणी म्हणालं होतं, हे तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होता.