मेव्हणे मुखपृष्ठ करतात

माझ्या पहिल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर माझाच फोटो टाका, असं मी मेव्हण्यांना सांगितलं. पुस्तक माझ्या आजवरच्या फजित्यांचं होतं, त्यात छपाईआधीच एकीची भर पडली. मेव्हणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. रात्रंदिवस कापड ओकणाऱ्या आमच्या भिवंडीत एका पुस्तकाला अंगरखा चढवायला तीन-तीन महिने घेणारा हा एकमेव माणूस. पूर्ण्याला त्यांच्या भातशेतावर गोदाम उभं राहिलं, त्याचं भाडं येतं, त्यामुळे घाई हा प्रकार त्यांनी आयुष्यातून काढूनच टाकला आहे.

पुस्तक हाती आलं की ते मनातल्या मनात वाचत नाहीत. वहिनी मासळी साफ करायला बसल्या की समोर पाट मांडून मोठ्यानं वाचतात. वहिनींची विळी जिथं थांबेल तिथं पुस्तकाचा जीव, असा त्यांचा सिद्धांत. एका कादंबरीत विळी अशी थांबली की त्या दिवशी घरात जेवायला दुपारचे चार वाजले. माझं हस्तलिखित वाचलं तेव्हा पाटीभर मांदेली साफ झाली, कोलंबी सोलून झाली, आणि वहिनी म्हणाल्या, "दाजींचं अजून हाय काय? आसंल तर सुके बोंबील पन काढते." मग रंग. ते ठरेपर्यंत कव्हराचे नमुने जुन्या पुस्तकांवर चढवून मेव्हणे सगळीकडे सोबत नेतात. हळदीला, बँकेत, दाढी करायला. एकदा कुणाच्या दहाव्याला गेले असता मुंडण करून बसलेल्या मुलासमोर त्यांनी दोन पिवळे धरले. त्या बिचाऱ्यानं डोळे पुसले, नीट निरखलं आणि म्हणाला, "डावा. उजवा आजारी वाटतो." पुस्तक डाव्या पिवळ्यातच निघालं.

पण खरी परीक्षा नारपोलीच्या चहाच्या टपरीवर. नमुना बाकावर विसरल्यासारखा ठेवायचा आणि आपण लांबून बघत बसायचं. कुणी आपणहून उचललं तर पास. "कवर बघायचं नसतंय दाजी," ते मला सांगत, "त्यानं हात बोलवायला पायजे." माझीही इच्छा तेवढीच होती. नातेवाइकांना प्रती वाटता येतात. एका अनोळखी माणसानं, कुणी न सांगता, माझं पुस्तक हातात घ्यावं.

फोटोवाला नमुना बाकावर ठेवला तेव्हा मी मुद्दाम इस्त्रीचा सदरा घालून गेलो होतो, न जाणो कुणी ओळखलं तर. पहिल्या गिऱ्हाइकानं वाकून पाहिलं आणि शेजारच्याला विचारलं, "हे कोनत्या वार्डातून उभे हायेत?" शेजारचा म्हणाला, "पडनार," आणि गरम चहाचा ग्लास माझ्या कपाळावर ठेवला. मेव्हणे हसले नाहीत, हे जास्त लागलं. म्हणाले, "लोकांनी तुमाला बगितला दाजी. पुस्तक कुनी बगितलाच न्हाय."

त्यानंतर महिनाभर त्यांचा पत्ता नाही. मला वाटलं, रुसले. बायको म्हणाली, "दादा शेलार गावात यंत्रमागांवर बसतो रोज. कशाला, ते विचारू नका, तोही सांगणार नाही." एके दिवशी आले आणि पुढ्यात नवा नमुना ठेवला. मागावरून नुकतं उतरलेलं, न धुतलेलं, मळकट पांढरं कापड, कागदावर हुबेहूब. आणि मधोमध, वरून खालपर्यंत, एक बारीक रिकामी रेघ. ताण्याच्या उभ्या धाग्यांतली एक तार तुटली की पडते तशी.

"मेव्हणे, हा तर डिफेक्ट आहे," मी म्हणालो.

"मंग पुस्तक कशावर हाय?"

मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

पुन्हा टपरी. या वेळी कव्हराच्या आत जुनं पुस्तक नव्हतं, माझ्याच पुस्तकाची तपासायला आलेली कच्ची प्रत होती. पहिला ग्लास बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला गेला. दुसऱ्यानं पुस्तक सरकवून जागा केली. मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात एक चाचा येऊन बसले. इथलेच कोकणी मुसलमान, कारखान्यात कापड तपासायचं काम करणारे, असं चहावाल्याशी चाललेल्या बोलण्यावरून कळलं. बोलता बोलता त्यांचा हात पुस्तकावर गेला. डोळे चहावाल्याकडे, आणि अंगठ्याचं नख त्या रेघेवरून खाली. "तार गेलीय," ते पुटपुटले. मग नखाला कागद लागला. दचकून त्यांनी पुस्तक उचललं, उजेडात धरलं, स्वतःशीच हसले आणि मधलंच पान उघडून वाचायला लागले. चहावर साय धरली. त्यांनी पान उलटलं.

मी मेव्हण्यांकडे पाहिलं. ते पलीकडच्या बाकावर आमच्याकडे पाठ करून चष्मा पुसत बसले होते, पुसून झालेला चष्मा पुन्हा पुन्हा. इतकी पुस्तकं त्यांनी सजवली, पण कव्हर पाहून कुणी त्यांच्यापर्यंत आलं नव्हतं. त्यांचं नाव आतल्या पानावर, किमतीच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. तिथपर्यंत कोण जातं? मी स्वतः तरी कधी गेलो होतो?

पण हे सुचेपर्यंत माझे पाय चाचांसमोर जाऊन उभे राहिले होते.

"हे पुस्तक माझं आहे," मी छाती काढून म्हणालो. "मी लिहिलंय."

चाचांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आतलं?"

"हो."

"अच्छा," ते म्हणाले, आणि पुस्तक मिटून कव्हर वर केलं. "मग जावा, हे ज्यांनी केलंय त्यांना बोलवा."