अंगणातला लाल डबा

आत्या गेल्याचा निरोप बारकू होडीवाल्याने आणला. शाळेच्या दारात उभा राहून म्हणाला, "मास्तरीणबाय, ठमाआत्या गेली. चूल पेटवाय उठली न् तितंच बसली..." त्याला चार आठवडे झाले. दिवसकार्याच्या वेळी एक पाहुणे हात जोडून म्हणाले, बाई फार शांत, सोशिक होत्या. काय सांगता! शांत? आमची आत्या? हे ऐकायला ती असती तर पाहुण्यांना जेवण गोड लागलं नसतं.

तिचं गाव धरणात गेलं. शेणवे गावाकडच्या माळावर नवी घरं झाली, आणि जुन्या गावाची जोती, आंब्यांचे बुंधे पाण्याखाली तसेच राहिले. पावसाळ्यानंतर पाणी तुडुंब असतं तेव्हा काही भीती नाही. माघ-फाल्गुनात पाणी उतरलं की हेच सगळं होडीच्या बुडाला लागतं. नव्वदच्या सुमारास पाड्यावरून शाळेला निघालेल्या पोरांची होडी अशीच एका बुंध्यावर चढून कलंडली. पोरं वाचली, दप्तरं बुडाली. दुसऱ्या दिवशी आत्याने तेलाचे रिकामे प्लास्टिकचे डबे गोळा केले, काही लाल रंगवले, दोरीला दगड बांधून पाण्यात सोडले. लाल डबा दिसला की खाली काहीतरी आहे, लांब राहायचं. पांढऱ्या डब्यांच्या दोन ओळींमधून होडी काढायची. ती वाट म्हणजे गावाची जुनी गाडीवाट. "बैलगाडी जायची तिथं झाड कशाला असंल गो? होडीपण तिथनंच जाईल," ती म्हणायची. पाणी उतरेल तशी दर आठवड्याला ती स्वतः दोऱ्या आखूड करायची. "सैल दोरीचा डबा खोटं बोलतो, पोरी. जोतं इथं, न् हा हिंडतो तिकडं..."

मग एका मार्चात धरणावर नवे साहेब आले. त्यांना ते डबे चोरट्या जाळ्यांचे तरंगे वाटले. लाँचमधून दरडावून विचारलं, "कोणाच्या परवानगीने टाकलेत?" आत्या काठावर कमरेवर हात ठेवून उभी. "सायेब, तुमची लाँच उभी हाय ना, ती माज्या अंगणात उभी हाय. माज्या अंगणात खूण करायला मी कुणाला इचारू?" साहेबांनी संध्याकाळपर्यंत सगळे डबे कापून नेले.

दुसऱ्या दिवशी दहावीचा पहिला पेपर होता. नऊ पोरं होडीत, सोबत मी. पाणी शांत, खाली काय आहे ते दिसत नव्हतं, आणि खुणा एकही नाही. होडीच्या कडेवरून वाकून मी पाण्यात बघत होते. तेवढ्यात समोर बघते तर भर पाण्यात आत्या उभी! लाल लुगडं, कमरेपर्यंत पाणी, स्वतःच्या बुडालेल्या घराच्या जोत्यावर पाय रोवून. बारकूनेच तिला आधी तिथे सोडलं होतं, मला पत्ता नव्हता. "डावीकडून काढ रे बारक्या!" ती ओरडली. "इथं चूल हाय माजी!" होडी डावीकडून निघाली. पोरं वेळेवर पेपरला बसली. आत्याला आठ दिवस ताप होता, आणि त्या तापातच ती नवे डबे रंगवत होती. पुढे आणखी दोनदा डबे कापले गेले, दोनदा तिने परत बांधले. शेवटी दमले ते साहेब.

तिच्या आजारपणाचा कुणाला त्रास नको म्हणून देवाने तिला पटकन नेलं, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. मला राग आहे. तिने अजून वीस वर्षं भांडायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात बारकू परत शाळेत आला. "बाय, आत्याच्या अंगणातला लाल डबा खोटं बोलाय लागलाय." आमच्या रडण्याच्या नादात पाणी दोन हात उतरलं होतं. मी होडीत बसून गेले. डबा जोत्यापासून बराच लांब भटकत होता. दोरी ओढून घेतली, तर तिच्यावर आत्याच्या गाठी, एकाखाली एक, दर आठवड्याची एक. सैल पडलेली दोरी मी गुंडाळत होते, तेवढ्यात लाँच आली. आताचे साहेब वेगळे, तरुण. "मॅडम, आजी तर गेल्या. आता तरी हे काढा. परवानगी आहे का तुमच्याकडे?"

मी आयुष्यात कुठल्या साहेबाशी चढ्या आवाजात बोलले नाही. आधी गाठ पक्की आवळली.

"साहेब, लाँच जरा डावीकडून काढा," म्हटलं. "इथं चूल हाय आमची."