हरून आलेल्यांचा हेवा

तालुक्याच्या एसटी स्थानकात परवा मुलींचे दोन खो-खो संघ एकाच बाकाजवळ उभे होते. दोन्ही कॉलेजं याच गावातली. एक ग्रामीण विभागात खेळतं आणि दरवर्षी जिंकतं. दुसऱ्याने यंदा अर्ज करून तगड्या संघांचा शहर विभाग घेतला आणि ते पहिल्याच सामन्यात हरून परतलं.

जिंकलेली कर्णधार चषक काखोटीला मारून उभी होती. हरलेली, गुडघ्याला पट्टी बांधलेली, फलाटाचा खांब एका हाताने धरून पुढे झेपावून दाखवत होती. "अशी लोंबकळली ती बया! मला वाटलं सुटले, तर पाठीवर थाप!" तिच्या मैत्रिणी हसून बेजार झाल्या होत्या.

"शेवटी हरलातच ना?" जिंकलेली म्हणाली.

"हरलो गं. तू कुणाशी खेळलीस?"

जिंकलेलीने चषक दुसऱ्या काखेत घेतला. अंतिम सामन्याला समोरचा संघ आलाच नव्हता.

हेवा जिंकणाऱ्याचा करतात, असं आपण धरून चालतो. त्या दिवशी हेवा चषक धरलेल्या मुलीच्या डोळ्यांत होता. तिची नजर त्या पट्टीवरून हलत नव्हती.

"सर, पुढच्या वर्षीचा विभागाचा अर्ज दिलात?" तिने शेजारच्या क्रीडाशिक्षकांना विचारलं.

"उद्या देतोय. प्राचार्य म्हणतात, ग्रामीणच ठेवा. चषक कुठे जात नाही."

"मग हा धरा," म्हणून तिने चषक त्यांच्या हातात दिला. "आणि ग्रामीणचा अर्ज उद्या नका देऊ."

ती खांबापाशी गेली. "परत दाखव गं," म्हणाली.