वास गेला म्हणून उतरू नका

ठेकेदाराकडे सफाईचं काम करणाऱ्या गौतममामांनी कमरेला दोर बांधला होता. सात रस्त्याजवळच्या गल्लीत तुंबलेल्या गटाराचं चेंबर उघडं होतं आणि ते उतरायच्या बेतात होते.

मी तेव्हा एका खाजगी लॅबमध्ये केमिस्ट होते. तिथं सांडपाण्याचं सॅम्पल घ्यायला आले होते. सॅम्पल घेणाऱ्यानं वाकण्याआधी दोरीनं गॅस मीटर खाली सोडायचा, हा आमचा नियम. मी सोडला. मीटर किंचाळायला लागला.

"थांबा मामा," मी म्हटलं. "खाली गॅस आहे."

"कुटं हाय? मगाशी लई वास होता. वाकून बगितलं आन् गेला की."

तेच भयंकर होतं. गटारात हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यांचा वास येतो. फार वाढला की नाक बधिर होतं आणि वास येतच नाही. त्याहून वाढला तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. मामा वर्षानुवर्षं नाकावर विसंबून उतरत होते.

ठेकेदाराचा सुपरवायझर वैतागला. "मॅडम, तुमी बाटली भरा आन् जावा. हे रोजचंच हाय."

अशा चेंबरमध्ये साधनांशिवाय माणूस उतरवायला कायद्यानं बंदी आहे, हे मी सांगितलं. त्यानं माझ्या सरांना फोन लावून माझ्या हातात दिला. ठेकेदार आपला जुना क्लायंट आहे, असं सर समजावत राहिले. मी रीडिंग सांगितलं.

"मीटर आपल्या माणसांसाठी आहे," सर म्हणाले.

"मग हा माणूस कुणाचा, सर?"

फोन कट झाला.

मामा सगळं ऐकत होते. त्यांनी मीटरची दोरी मागितली, स्वतःच्या हातानं तो पुन्हा खाली सोडला. पुन्हा तोच आवाज. सुपरवायझर म्हणाला, आज उतरला नाहीस तर उद्यापासून येऊ नको. मामांनी कमरेचा दोर सोडला. पहार घेतली आणि झाकण सरकवून चेंबर बंद केलं.

"आता दुसरं कुनीतरी उगडंल," ते म्हणाले.

"मी बसते त्याच्यावर," मी म्हटलं आणि बसले. मामा शेजारी उभे राहिले. येणारे-जाणारे थांबून विचारू लागले, मामाच त्यांना नाकाचं शास्त्र सांगू लागले. दुपार कलल्यावर माणूस न उतरवता गाळ ओढून घेणारी सक्शनची गाडी आली. म्हणजे गाडी शहरात होतीच.

माझी नोकरी गेली. मामांचंही काम गेलं. मीटर लॅबला परत केला, वर्गणी काढून दुसरा घेतला. आता आम्ही दोघं वस्त्यांमध्ये तो दाखवत फिरतो. मी सांगायला लागले की लोक मान हलवतात. मामा सांगतात तेव्हा प्रश्न विचारतात.

कुठल्याही जागेचा वास अचानक थांबला, तर जागा सुधारली असं धरून चालू नका. आधी बाहेर या.

पोलिसांत माझ्याविरुद्ध कामात अडथळा आणल्याची तक्रार आहे. ती खरी आहे. अडथळा मीच आणला, आणि अजून आणते.