आधीच केलेली खूण

जुन्या गोदामाच्या वळणापर्यंत येता येता भावजयीला धाप लागली, पण आक्का आपली पुढंच. अठ्ठावन्न वर्षांची नणंद, काखेत छत्री, पायात कॅनव्हासचे बूट, आणि चाल अशी की जणू पाठीमागं कुणी लागलंय. "मास्तरीणबाई, फळ्यापुढं उभं राहून पाय आखडलेत तुझे," ती मागं न बघताच म्हणाली. भावजय शाळेत भाषा शिकवायची. तळं अजून निम्म्या वाटेवर होतं, आणि आपल्याला एवढं चालवत आणलंय कशासाठी, ते आक्कानं अजून सांगितलं नव्हतं.

आक्का तीस वर्षं पतसंस्थेच्या खिडकीत बसत आलेली. कुणाला लिहिता येत नसे, कुणाचा चष्मा घरी राहिलेला असे. त्यांची स्लिप ती स्वतः भरायची, मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मगच सहीला पुढं सरकवायची. कुणी घाई केली की म्हणायची, पैसे तुझे आहेत, कानही तुझेच वापर. पुढं संस्थेचा व्यवहार मोबाईलवर आला. तेव्हा गावाबाहेरचं गाळानं भरलेलं तळं साफ करायची युक्ती तिनंच काढली. कुणी बिल भरलं की रक्कम पुढच्या पूर्ण आकड्यापर्यंत न्यायची, सत्त्याण्णवचे शंभर, आणि वरची भर तळ्याला. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण भावजयीनं शेकडो पोरांकडून घोटून घेतली होती. ती खरी करायला निघालेली बाई तिला घरातच भेटली.

आणि तळं खरंच साचू लागलं. दोघी काठावर पोचल्या तेव्हा अलीकडच्या अंगाला नितळ पाणी हलत होतं, पाणगवताचे कोवळे कोंब उभे होते आणि दोन बदकं पतसंस्थेच्या अध्यक्षांसारखी सावकाश पाहणी करत होती. पलीकडं मात्र अजून चिखलच. भावजयीनं मनातल्या मनात हात जोडले.

आक्का दगडावर बसली आणि मग तिनं सगळं सांगितलं. परवा दूधवाला खिडकीशी आला होता. तळं माझ्या पैशावर भरतंय म्हणे, आक्का, निदान पाय तरी बुडवू द्या, असं हसतहसत म्हणाला. आपल्या बिलावर वरचे पैसे जातात हे इतके दिवस त्याला ठाऊकच नव्हतं. कसं असणार? मोबाईलवर बिल भरताना 'वरचे पैसे तळ्याला' अशी एक चौकट यायची, तिच्यात बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली होती, आणि तसं करायला कॉम्प्युटरवाल्याला आक्कानंच सांगितलं होतं. लोकांना त्रास नको, आपण भरून ठेवू. स्लिपा भरायची तीस वर्षांची सवय. फक्त स्लिप ती वाचून दाखवायची. मोबाईल कुणाला वाचून दाखवणार?

अध्यक्षांचं म्हणणं, गुपचूप खूण काढून टाका, कोण बघतंय. उघड सांगितलं तर लोक बिथरतील, पैसे परत मागतील, आणि पलीकडचा चिखल जन्मभर तसाच राहील. आक्काला त्याचीच धास्ती होती. तिच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते.

भावजय हळूच म्हणाली, "देवाला वाहायचं फूलसुद्धा दुसऱ्याच्या अंगणातलं विचारून तोडावं, आक्का."

"तेच मी अध्यक्षांना म्हटलं. त्यांच्या अंगणात फूल नाही, त्यामुळं त्यांना कळलं नाही." दोघी हसल्या. मग आक्कानं छत्री बाजूला ठेवली. अध्यक्षांना तिनं कबूल करायला लावलं होतं: चौकट रिकामी होणार, मागेल त्याला पैसे परत मिळणार, आणि सोमवारी सगळ्या सभासदांना तसं कळवायचं.

"ते पत्र तू लिही. सोपं, दूधवाल्याला एका दमात वाचता येईल असं. आणि 'तांत्रिक कारणामुळे' वगैरे घालू नकोस. यंत्रानं काही केलं नाही, मी केलं. ते पहिल्याच ओळीत येऊ दे. तळ्याला अजून पैसे हवेत, ते शेवटी लिही. आणि तिथं मात्र, मास्तरीणबाई, जरा बरं लिही."