साडूंच्या पोटातली सुपारी

माझ्या साडूंनी आयुष्यात जे शोधलं ते त्यांना कधी सापडलं नाही, आणि जे सापडलं ते त्यांनी कधी शोधलेलं नव्हतं. तरुणपणी बोरिवलीला भाड्याची खोली बघायला गेले; खोली राहिली बाजूला, घरमालकाची थोरली मुलगी ठरवून आले. धाकटी पुढे माझ्या घरी आली, म्हणून हे गृहस्थ माझे साडू. एकदा गुलाबांना शेणखत हवं म्हणून आरे कॉलनीत गेले आणि त्याच पिशवीतून एका डोळ्याचं मांजर घेऊन आले. "खताचं काय झालं?" विचारलं तर म्हणाले, "अरे, ते करेलच ना!"

सोनोग्राफी नवी होती त्या काळी त्यांनी मुतखड्याच्या संशयावरून पोट तपासून घेतलं. खडा नव्हताच. मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथीत मात्र सुपारीएवढी गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ही ग्रंथी रक्तात हार्मोन सोडते. गाठही सोडत असेल किंवा वाढत असेल, तर ऑपरेशन. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, जेवेनाशी झाली. साडू मात्र मुलुंडभर सांगत सुटले, "मुतखडा काय रे, कुणालाही होतो! आपली गाठ आहे, गाठ!"

तपासणीसाठी दिवसरात्रीची लघवी एका कॅनमध्ये साठवून थंड ठेवायची होती. ते आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहत आणि फ्रीज फक्त आमच्याकडे. त्यामुळे गृहस्थ दर वेळी बेल वाजवून "भरणा करायला आलो" म्हणत. नेमकं त्याच फ्रीजमध्ये गावाहून आलेलं कोकमाचं आगळ, तसल्याच पांढऱ्या कॅनमध्ये. दुपारी पाहुणे आले. सरबतासाठी बायकोने घाईत कॅन काढला, झाकणाला हात घातला, तोच साडू दारातून ओरडले, "अगं थांब! तो मी आहे!" पाहुण्यांनी नुसतं पाणी घेतलं.

गाठ काहीच सोडत नव्हती. सहा महिन्यांनी पुन्हा मोजली. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून मी स्वतः आकडे ताडले. मिलिमीटरचाही फरक नाही. साडूंनी अख्ख्या इमारतीला पेढे वाटले आणि शेवटी अक्कासकट आमच्याकडे येऊन बसले. "जिंकलो रे! ऑपरेशन रद्द! डॉक्टर म्हणतात, गाठ आहे, पण काही काम करत नाही."

"मग तुमच्यावरच गेली म्हणायची," अक्का म्हणाली. हशा पिकला. ती हसतच आमच्या स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आतून नळ नुसता वाहत असल्याचा आवाज येत होता. एरवी बादलीबादलीचा हिशेब विचारणारा मी. पण त्या दिवशी उठून बंद करायला गेलो नाही. साडूही पेढ्यांचा खोका मांडीवर ठेवून, त्या दाराकडे बघत बसून राहिले.